देव अंतःकरण पाहतो





येत्या २४ जानेवारीला ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करील. आपल्या नागपूरकरांना हे नाव परके नाही. सदरमधील कॅथेड्रल त्यांच्याच नावाने उभे आहे. १८७० साली सुरू झालेली शाळा आणि १९५६ साली सुरू झालेले कॉलेजही त्यांच्याच नावाचे. या शहरातील हजारो मुले ‘एस.एफ.एस.’ ही तीन अक्षरे छातीवर लावून शिकली. पण ही अक्षरे ज्यांची, ते संत कोण होते आणि त्यांनी काय शिकवले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हे नाव आपल्याकडे फार दुरून आले. फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉय प्रांतात झाला. हा प्रांत आज फ्रान्स देशात मोडतो. तेथील आन्सी गावी १८३८ साली फादर पीटर मर्मिये यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. १८४५ साली या संघाचे पहिले मिशनरी हिंदुस्थानकडे निघाले. आधी विशाखापट्टणम आणि मग तेथून मध्य प्रांत, असा त्यांच्या कार्याचा विस्तार झाला. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप अलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. आल्प्सच्या थंडीत वाढलेली ही माणसे आपल्या विदर्भाच्या उन्हात आली, राबली, आणि कित्येकांनी येथेच देह ठेवला. त्यांनी आपल्याला देवळे दिली, शाळा दिल्या. त्यांच्या संतगुरूंची शिकवणही त्यांनी बरोबर आणली होती. देऊळ आपण जपले, दरवर्षी रंगही देतो. त्या शिकवणीचे काय झाले, हे आज तपासून पाहू या.

देवाला काय हवे?

जुन्या करारात शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट आहे (१ शमुवेल १६). नवा राजा निवडण्यासाठी तो बेथलेहेमात इशायाच्या घरी जातो. थोरला मुलगा अलियाब समोर येतो. उंचापुरा, देखणा. शमुवेलाला वाटते, हाच तो. पण देव त्याला थांबवतो आणि सांगतो की माणसाची नजर रूपावर जाते, माझी नजर अंतःकरणावर असते. शेवटी मेंढरे राखायला गेलेल्या धाकट्या दाविदाला बोलावून आणावे लागते. घरच्यांनी तर त्याला हाकसुद्धा मारली नव्हती.

देवाची नजर कोठे जाते, हे या एका प्रसंगातून कळते. मीखा संदेष्टाही हेच सांगतो. देवाला होमबलींचा ढीग नको आहे. न्यायाने वागणे, दयेची आवड आणि देवासमोर लीनतेने चालणे, एवढेच त्याला हवे आहे (मीखा ६:८). संत पौल कलस्सैकरांना लिहिताना करुणा, ममता, नम्रता, सौम्यता आणि सहनशीलता ही पाच वस्त्रे रोज अंगावर घालायला सांगतो (कलस्सै ३:१२). आणि स्वतः प्रभू येशू आपल्याला जेव्हा ‘माझ्यापासून शिका’ म्हणून बोलावतो, तेव्हा तो आपले चमत्कार दाखवत नाही. आपल्या मनाची सौम्यता आणि लीनता तो आपल्यापुढे ठेवतो (मत्तय ११:२९).

वरून पिवळे, आतून कोरडे

संत्री कशी घ्यावी हे नागपूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. नुसता रंग पाहून आपण फसत नाही. फळ हातात घेतो, वजन पाहतो. वरून पिवळेधमक फळ हाताला हलके लागले की आपण ओळखतो, हे आतून कोरडे आहे.

आपल्या भक्तीचेही असे होऊ शकते. संत फ्रान्सिस यांनी १६०९ साली प्रपंचातील माणसांसाठी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘भक्तिमय जीवनाचा परिचय’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी खोट्या भक्तीची चित्रे काढली आहेत. एक जण कडक उपवास करतो, पण त्याच्या मनात वैर भरलेले आहे. दुसऱ्याच्या तोंडी दिवसभर प्रार्थना असतात, पण त्याच तोंडाने तो घरच्या नोकरचाकरांना आणि शेजाऱ्यांना टोचून बोलतो. तिसरा भिकाऱ्याला सढळ हाताने देतो, पण शत्रूला क्षमा करायला त्याच्याजवळ काही नाही. लोक अशांना भाविक म्हणतात. संत म्हणतात, ही भक्तीची केवळ सावली आहे.

प्रियजनहो, चारशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे शब्द आज आपल्या घरांत शिरून पाहा. संध्याकाळी जपमाळ होते, आणि शेवटचा ‘आमेन’ होताच सुनेच्या माहेरचा उद्धार सुरू होतो. उपवासकाळात मांस वर्ज्य असते, पण सख्ख्या भावाशी जागेच्या वाटणीवरून पाच-पाच वर्षे बोलणे नसते. देणगीदारांच्या यादीत नाव असते, आणि भांडी घासणाऱ्या बाईने एक दिवस खाडा केला की तिचा पगार कापला जातो. ‘तुम्हांस शांती असो’ म्हणत आपण शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला हात जोडतो, पण तीन बाकांपलीकडे बसलेल्या चुलत्याकडे पाहत नाही.

आपली मुले हे सर्व पाहतात. पुढे ती देवळात येईनाशी होतात तेव्हा आपण मोबाइलला दोष देतो, जमान्याला दोष देतो. त्यातही तथ्य असेल. पण प्रार्थनेनंतर लगेच घरात चढणारा आवाज त्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, हेही आपण विसरू नये. आईवडिलांची भक्ती आतून किती रसाळ आहे, हे मुलांइतके कोणाला कळत नाही.

लहान सद्गुण

मग करायचे काय? येथे संत फ्रान्सिस यांची शिकवण फार सोपी आणि फार अवघड आहे. ते म्हणतात की मोठे पराक्रम करण्याची संधी आयुष्यात क्वचितच येते. धर्मासाठी रक्त सांडण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर कधीच येणार नाही. पण सौम्यता, नम्रता, धीर, प्रामाणिकपणा यांची गरज मात्र घडोघडी पडते. मीठ जसे प्रत्येक भाजीत लागते, तसे हे लहान सद्गुण प्रत्येक कामात लागतात. म्हणून ज्या गुणाचे लोक कौतुक करतात त्यामागे धावू नये. आपल्या कर्तव्याला जो गुण लागतो तो जोपासावा.

भक्ती प्रत्येकाच्या पेशाप्रमाणे आणि संसाराप्रमाणे वेगळी असते, हेही त्यांनी ठासून सांगितले. बिशपने मठातील एकांतवासी साधूसारखे राहू नये, संसारी माणसाने संन्याशासारखे पैसा न राखता राहू नये, आणि कारागिराने काम टाकून दिवसभर देवळात बसू नये. त्या काळी अनेकांना वाटे की खरी भक्ती मठातच होते. संतांनी ती स्वयंपाकघरात, दुकानात आणि कचेरीत आणून बसवली.

तेव्हा रेल्वेत नोकरी करणाऱ्या बंधूचा सद्गुण कोणता? दिवसभरात शंभरावा प्रवासी तोच प्रश्न विचारतो, त्यालाही नीट उत्तर देणे. नर्स म्हणून रात्रपाळी करणाऱ्या भगिनीचा? पहाटे चार वाजता पुन्हा घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णाकडे कपाळाला आठी न घालता जाणे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना, वीज गेलेली, कूलर बंद, पोरे रडताहेत, अशा वेळी घरातल्या कोणाचाही आवाज न चढणे, हा किती मोठा सद्गुण आहे हे नागपूरकराला सांगायला नको! या सद्गुणांचा सत्कार होत नाही. पण देव ते पाहतो.

रागीट माणूस सौम्य कसा झाला?

कोणी म्हणेल, ‘फादर, संतांचे ठीक आहे. त्यांचा स्वभावच शांत असेल. आमचा नाही.’

असे म्हणणाऱ्यांनी ऐकावे. संत फ्रान्सिस यांचे चरित्रकार सांगतात की ते मुळात तापट होते. रक्त चटकन उसळणारे. जगाला ठाऊक असलेली सौम्यता त्यांना जन्मजात मिळालेली नव्हती. वर्षानुवर्षे स्वतःशी झुंजून आणि देवाच्या कृपेने ती त्यांना लाभली.

या सौम्यतेची कसोटी शाब्ले या भागात लागली. तेथील बहुतेक लोक कॅथलिक धर्मसभा सोडून गेले होते. दोन्ही बाजूंनी कटुता होती, आणि त्या काळात धर्माच्या वादात तलवारीही निघत. १५९४ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फ्रान्सिस आपल्या चुलत भावाबरोबर पायी तेथे गेले. कित्येक महिने त्यांचे प्रवचन ऐकायला मोजकीच माणसे येत. ते चिडले नाहीत. लोक ऐकायला येत नाहीत, तर आपण लिहून त्यांच्याकडे पोहोचू, असे त्यांनी ठरवले. छोटी पत्रके लिहून ती वाटली, घरांच्या दारांखालून आत सरकवली. याच कामाची आठवण म्हणून १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत जाहीर केले. आज तुमच्या हातात असलेले हे साप्ताहिक पत्रकही एका अर्थाने त्यांच्याच वाटेवरचे आहे.

त्यांचा सण १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात येतो. इतर ख्रिस्ती पंथांतील बांधवांना आज आपली धर्मसभा प्रभूमधील भाऊ-बहीण मानते. त्यांच्याविषयी बोलताना आपल्या तोंडी कोणते शब्द असतात, याचाही या आठवड्यात विचार करावा.

आणखी एक गोष्ट. बिशप असताना फ्रान्सिस यांना मार्टिन नावाचा एक कर्णबधिर माणूस भेटला. त्याला धर्मशिक्षण देता येणार नाही असे लोकांना वाटे. बिशपांनी त्याला आपल्या घरी आश्रय दिला, स्वतः खाणाखुणांनी शिकवले आणि ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. म्हणूनच ते कर्णबधिरांचेही आश्रयदाते आहेत. एवढ्या मोठ्या धर्मप्रांताच्या बिशपाला एका माणसासाठी एवढा वेळ होता! आपल्या घरातील आजोबांना नीट ऐकू येत नाही म्हणून तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगावे लागते, तेव्हा मार्टिनची आठवण करावी.

क्षमेला वेळ लागतो

सौम्यतेचा सर्वांत कठीण भाग म्हणजे क्षमा. याविषयी संत जेन शांताल यांचे उदाहरण देतो. १६०१ साली त्यांच्या पतीला शिकारीत सोबत्याच्या हातून चुकून गोळी लागली आणि ते मरण पावले. तिशीच्या आत जेन विधवा झाल्या. पदरी चार लहान मुले. पुढे त्यांना सासऱ्यांच्या घरी राहावे लागले. तेथे सारा कारभार एका नोकर बाईच्या हाती होता आणि जेन यांना तिचा वरचष्मा वर्षानुवर्षे सोसावा लागला. असा सासुरवास आपल्यातही काहींनी पाहिला असेल.

१६०४ च्या उपवासकाळात त्यांनी बिशप फ्रान्सिस यांची प्रवचने ऐकली आणि त्यांच्याकडे मार्गदर्शन मागितले. पतीचा जीव ज्याच्या हातून गेला त्याला भेटण्याचे जेन यांच्या मनाला होत नव्हते. संतांनी त्यांच्यावर घाई केली नाही. त्यांचा सल्ला साधारण असा होता : तुम्ही होऊन त्याला शोधत जायची गरज नाही, पण तो समोर आला तर तुमचे मन त्याच्याशी सौम्य आणि दयाळू असू द्या. मनात खळबळ होईल, रक्त उसळेल, हे ते जाणून होते. पुढे जेन यांनी त्या माणसाला मनापासून क्षमा केली, इतकी की त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्या धर्ममाता झाल्या.

ज्यांच्या मनात एखादी जखम अजून ओली आहे, त्यांनी यातून धीर घ्यावा. क्षमा एका दिवसात होत नाही. पण आज एक पाऊल टाकता येते. समोरचा दिसला की रस्ता बदलायचा नाही, एवढे तरी आज ठरवता येते.

१६१० साली या दोघांनी मिळून आन्सी येथे धर्मभगिनींचा संघ सुरू केला. कठोर उपवास आणि देहदंड ज्यांना झेपत नाही अशा विधवा आणि अशक्त स्त्रियांनाही त्यात जागा होती. बाहेरच्या कष्टांपेक्षा आतली नम्रता आणि सौम्यता त्यांनी मोलाची मानली.

ताण आणि बहार

हे गुण वाढतात कसे? आपले संत्रा बागाईतदार मृग बहार धरण्यासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. पाने मलूल होतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड गेले. मग मृगाचा पाऊस पडतो आणि झाड फुलून येते. मात्र ताण देणारा शेतकरी रोज बागेत फिरतो. ताण किती झाला हे तो पाहतो, कारण तो अति झाला तर झाड वाळते.

घरातील आजारपण, नोकरीची विवंचना, न पटणारी माणसे, हे आपले ताण आहेत. धीर आणि सौम्यता अशाच काळात धरते. आणि आपला मळेकरी आपल्याला विसरलेला नसतो (योहान १५:१).

येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. सौम्यता म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. नवऱ्याचा मार मुकाट्याने सोसणे याला प्रभूने कधी सद्गुण म्हटलेले नाही. मारहाण होत असलेल्या भगिनीने मदत मागावी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि आपल्या धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे दारही उघडे आहे. प्रमुख याजकापुढे शिपायाने प्रभूला चपराक मारली तेव्हा प्रभूने शिवी दिली नाही आणि हातही उगारला नाही. पण ‘का मारलेस?’ असे त्याला स्पष्ट विचारले (योहान १८:२३). खरी सौम्यता अशी असते. सत्य बोलते, पण विष ओकत नाही.

स्वतःशीही सौम्य

संत फ्रान्सिस आणखी एक गोष्ट सांगतात, ती फार थोडे जण सांगतात : स्वतःशीही सौम्य राहा. काही जण रागावतात, मग रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात, आणि मग त्या रागाचाही राग करतात. अशाने मन शांत होत नाही. पडलात तर आश्चर्य करू नका, दुबळेपणा हा दुबळाच असणार. देवाच्या दयेवर विश्वास ठेवून पुन्हा उठा. पापनिवेदनाला या. ‘फादर, तेच तेच पाप किती वेळा सांगू?’ असे कित्येक जण विचारतात. जितक्या वेळा पडाल तितक्या वेळा सांगा. घर रोज झाडावे लागते म्हणून कोणी झाडणे सोडून देत नाही.

या आठवड्यासाठी

आपल्या शहरात मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम, कोकणी बोलणारी कॅथलिक कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. कोणत्या भाषेत मिस्सा, कोणाचे गाणे, कोणाला मान, यावरून मने दुखावतात. अशा वेळी सणाची रोषणाई कितीही केली तरी संतांचा आनंद त्यात नाही. म्हणून या सणाच्या आठवड्यात प्रत्येकाने तीन गोष्टी कराव्यात.

पहिली : सकाळी उठल्यावर आज कोणासमोर आपला तोल जाण्याची शक्यता आहे, ते नाव मनात आणून त्या व्यक्तीसाठी एक ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणावे.

दुसरी : राग आलाच तर दिवस मावळायच्या आत त्याच व्यक्तीशी एक गोड शब्द बोलावा किंवा तिचे एक लहान काम करावे. ताजी जखम लवकर भरते, असे संत सांगत.

तिसरी : ज्याच्याशी बोलणे बंद आहे अशा एका माणसाला फोन करावा किंवा त्याच्या घरी जावे. ते जमत नसेल तर निदान रविवारी मिस्सानंतर देवळाच्या दारात त्याला ‘जय येशू’ म्हणावे.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू मनाचा सौम्य आणि लीन आहेस. आमची भक्ती तू वरवर पाहत नाहीस, तिचे वजन तुला ठाऊक आहे. आमच्या जिभेवर तुझा हात ठेव. आमच्या घरांत, शेजारात आणि या धर्मग्रामात जे एकमेकांपासून दुरावले आहेत त्यांना जवळ आण. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मध्यस्थीने आम्हांला तुझ्या अंतःकरणासारखे अंतःकरण दे. आमेन.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू